खुडूक कोंबडीचा चैत्र

चैत्राची चाहूल कुणाला कोकिळेवरून लागते, कुणाला कैरीवरून. मला ती कोंबडीच्या आवाजावरून लागते. एरवी अंगणभर टिवल्याबावल्या करत फिरणारी कोंबडी एका सकाळी घशातल्या घशात 'कुडूक, कुडूक' करायला लागते. पिसं फुलवते, आहे त्याच्या दीडपट दिसते, आणि हात पुढे केला की चोच मारते. ती खुडूक झालेली असते. आता तिला अंडी द्यायची नसतात, उबवायची असतात.

परवा जळगावात मुलाच्या गच्चीवर हा आवाज ऐकला. माझ्या नातीने, सईने, हौसेने बुटक्या कोंबड्या पाळल्या आहेत. हल्ली त्यांना बँटम म्हणतात. पायावर पिसांचे मोजे, अंग कबुतराएवढं, ऐट मात्र मोराची. त्यातली एक गच्चीच्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यात बसली होती. खाली अंडं नाही, काही नाही.

"आजी, ही उठतच नाही गं," सई म्हणाली. "मोबाईलवर दाखवतात, थंड पाण्यात बसवा म्हणून. बसवू?"

"बसव," मी म्हटलं. "तिला बरं वाटेल. ऊन फार आहे. पण उठायची नाही ती."

पाण्यात बसवलेली कोंबडी ओल्या अंगाने पुन्हा खोक्यात जाऊन बसली, आणि सई माझ्याकडे बघायला लागली. मला त्या वेळी चोपड्याचं घर आठवलं.

साठीचं दशक उतरणीला लागलं होतं. मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी वरणगावहून चोपड्याला आले. माझे वडील वरणगावच्या कारखान्यात कामाला, आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो. आमचे हे धुळ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. चोपड्याला एका कचेरीत कारकून होते. दिवसभर कचेरीत पुस्तकी मराठी बोलायचे आणि घरी आले की अहिराणी. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, एका मारवाडी जैन कुटुंबाच्या आवारात. पुढे त्यांचं दुकान, मध्ये अंगण, मागे आम्ही. अंगणात कडुनिंब. घराचा सगळा कारभार बाईजींच्या हातात. बाईजी म्हणजे घरमालक शेठजींच्या आई. साठीच्या, उंच, कोरड्या आवाजाच्या. सगळं गाव त्यांना बाईजीच म्हणायचं.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा मी एक कोंबडा आणि एक कोंबडी घेऊन आले. वसाहतीत आमच्या शेजारी दक्षिणेकडचे एक साहेब राहायचे. बदली होऊन जाताना ते आपली बुटकी जोडी माझ्या माईला देऊन गेले होते. कोंबडी लालसर, तिचं नाव चिंगी. कोंबड्याला नाव नव्हतं, त्याला गरज नव्हती. नव्या घरात दिवसभर एकटीने करायचं काय, म्हणून मी ती आणली. मारवाड्याच्या आवारात कोंबड्या आणू नयेत एवढी अक्कल मला नव्हती, आणि यांना असली तरी नव्या बायकोला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

बाईजी आल्या. बांबूच्या डालग्याखालची जोडी त्यांनी वाकून पाहिली. मला वाटलं, आता आपल्यालाच बिऱ्हाड गुंडाळावं लागणार.

"पाळ," त्या म्हणाल्या. "जीव पाळायला माझी ना नाही. पण बेटी, या घरात अंडं चुलीवर चढायचं नाही. बाहेर द्यायचं नाही, विकायचं नाही. दुसऱ्याच्या चुलीवर चढलं तरी ते आपल्याच माथी."

हे शेजारी उभे होते. एष्टी स्टँडवर ऑम्लेट खाऊन रुमालाला तोंड पुसून घरी येणारा माणूस तो. मान खाली घालून म्हणाले, "हो बाईजी."

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग कोंबड्याला कंठ फुटला. एवढासा जीव, पण बांग अशी की दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांनी दाद द्यावी. आणि नेमकी पहाटे, बाईजी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसत तेव्हा. मी त्याला डालग्याखाली घातलं, वर गोणपाट टाकलं, तरी तो थांबेना. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण ज्याने केली, त्याच्याही घरामागे असाच भाडेकरू असणार. महाशिवरात्रीच्या सुमारास बाईजींनी निकाल दिला. कोंबडी राहू दे, कोंबडा माहेरी पाठव. माझा धाकटा भाऊ मधू नुकताच वडिलांच्याच कारखान्यात चिकटला होता. तो आला आणि कोंबड्याला पिशवीत घालून घेऊन गेला.

कोंबडा गेला, आणि त्यानंतर पंधरवड्याने, होळीच्या सुमारास, चिंगी अंडी घालायला लागली.

आता गोम लक्षात आली असेल. कुणाही शेतकऱ्याच्या पोरीला आली असती. बाईजींना नाही आली. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी कोंबडी पाळली नव्हती. त्यांच्या लेखी कोंबड्याचं काम बांग द्यायचं आणि कोंबडीचं काम अंडी द्यायचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी लग्न होऊन चार महिने झालेली पोर त्यांना ते कोणत्या तोंडाने सांगणार? डोक्यावरचा पदर ढळला तरी घाबरत होते मी.

लिंबाएवढी अंडी. मी ती टोपलीत बाजरीच्या भुशात ठेवायची. हे संध्याकाळी घरी आले की एकदा त्या टोपलीत डोकावायचे आणि उसासा टाकायचे.

बाईजींचं तेव्हा वर्षीतप चाललं होतं. एक दिवस निखळ उपास, उकळून गार केलेलं पाणी तेवढं, तेही दिवसा. दुसऱ्या दिवशी जेवण. असं वर्षभर. त्याचं पारणं अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होतं. म्हणजे आमच्या आखाजीलाच. आम्ही पोरी आखाजीची वाट झोक्यासाठी बघायचो, बाईजी रसाच्या त्या पेल्यासाठी.

चिंगीचंही अंड्याचं एकाआड एक दिवसच चालायचं. आणि कसं कोण जाणे, बाईजींच्या उपासाच्या दिवशीच. त्यांनी ते हेरलं. "हिचाही नेम आहे," म्हणाल्या, आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर उपासाच्या दुपारी त्या आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागल्या. उन्हाने अंगण पांढरं झालेलं असे, रस्त्यावरून केळीच्या गाड्या जायच्या, वाळल्या पानांचा वास यायचा. आम्ही फारसं बोलत नसू. पण मला त्या घरात पहिल्यांदा कुणाची तरी सोबत वाटली, ती त्या दुपारी.

पाडव्याला चिंगी खुडूक झाली.

बाईजींना केवढा आनंद! "बघ, अंडी राखली ते बरं झालं ना? ज्याचं त्याच्याजवळ जाऊ दे. घाल सगळी तिच्याखाली. आखाजीच्या आत पिल्लं निघतील."

मी म्हटलं, "बाईजी, निघतीलच असं नाही."

"का?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "उन्हाळा आहे."

तेव्हा मी एवढंच बोलले. टोपलीत राख पसरली, वर भुसा. विजेची बाधा नको म्हणून माई घालायची तसा एक लोखंडी खिळा घातला. आणि सात-आठ फोल अंडी मांडून वर चिंगीला बसवली.

खुडूक कोंबडीला पाहत बसलं की आपल्या कामाच्या वल्गना बंद होतात. ती बसते म्हणजे फक्त बसते. पोटाखालची पिसं उपटून स्वतःची कातडी अंड्यांना लावते. दिवसातून एकदा उतरते, घाईघाईने दाणे टिपते, धुळीत दोन हात मारते, पाणी पिते आणि पुन्हा जागेवर. चोचीने एकेक अंडं फिरवते. तुरा फिकट पडतो, अंग हलकं होतं. बुटक्या कोंबड्यांमध्ये हे वेड जास्तच. माईच्या गावरान कोंबड्या कंटाळून उठून जायच्या. चिंगी दगडावरही बसली असती.

एकवीस दिवस झाले. काही नाही. मी भर दुपारी दार-खिडकी लावून घेतली. छताच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप खोलीत पडायची, तिच्यात एकेक अंडं धरून पाहिलं. जीव धरलेलं अंडं आत काळवंडतं, शिरा दिसतात. ही सगळी पाण्यासारखी नितळ होती.

बाईजी म्हणाल्या, "एखाद्याला उशीर होतो. माझा धाकटा दहाव्या महिन्यात झाला."

मग ऊन चढलं. खानदेशातलं चैत्र-वैशाखातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. पाण्याचं भांडं दुपारी हाताला चटका द्यायचं. मी टोपलीभोवती ओलं गोणपाट लावायची, ते बघता बघता वाळायचं. चिंगी चोच उघडी टाकून धापा टाकत बसलेली. दाण्याला उतरेनाशी झाली. उचलली तर हाताला छातीचं हाड लागायचं. मी अंडी काढून घेतली, ती रिकाम्या भुशावर बसली. परत ठेवली, त्यांच्यावर बसली. पाण्यात बुडवलं, ओली होऊन बसली. माईचा जालीम उपाय मला माहीत होता. पिसाची काडी कोंबडीच्या नाकात घालून सोडायची, की ती बेजार होऊन बसणं विसरते. मी ते नुसतं बोलले, आणि बाईजींनी कानावर हात ठेवले. "ओ मां! माझ्या आवारात नको."

उपास त्यांचाही चालूच होता. शेवटचे दिवस आले होते. उठताना त्या खांबाला धरायच्या. तरी रोज येऊन टोपलीशी बसायच्या. एक दिवस त्यांनी चिंगीच्या पाठीवर हात ठेवला. चोच मारायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"बेटी," त्या म्हणाल्या, "ही गेली तर माझं वर्ष गेलं. मीच बसवली ना हिला. माझ्या शब्दावर जीव गेला, तर मी रस कोणत्या तोंडाने पिऊ?"

 रात्री मी यांच्यापाशी रडले. हे म्हणाले, "ती मरी जाई. आते तरी सांग बाईजीले, कोंबडा नव्हता म्हनीसन. तू सांगत नही ते मी सांगस." दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या तावाने दुकानाकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. बाईजींशी पन्हाळीच्या दुरुस्तीबद्दल बोलले होते. जेवताना स्वतःशीच पुटपुटले, "एक कोंबडी उपाशी, एक बाईजी उपाशी, अन् मी आंडासकडे देखी देखी उपाशी!" मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू.

त्यात आखाजी तोंडावर. लग्नानंतरची पहिली आखाजी. त्या दिवशी पोर माहेरी आली नाही, तर सासरी सारं धड आहे ना, अशी चौकशी आळीभर होते. मधू मला न्यायला येणार हे ठरलेलंच होतं. मी भुसावळला निघालेल्या एका शेजाऱ्याबरोबर माईला निरोप धाडला. मधूला पाठवशील तर कुणाच्या तरी कोंबडीची ताजी पिल्लं घेऊन पाठव. नाहीतर पाठवू नको, मी यायची नाही.

असा निरोप मिळाल्यावर दुसऱ्या कुठल्या आईला पोरीला वेड लागलं असं वाटलं असतं. माझी माई कोंबड्यांमधली. तिला त्या निरोपात सगळं समजलं.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मधू आला. हातात झाकलेली टोपली, आत चिवचिव.

"ताई, सारी एष्टी माह्याकडेच पाहे," तो म्हणाला. "माय म्हने, परवाच निघाले. पाच आनले. आपल्या गावरानीखाली बक्कय होते, तिले समजलंबी नही. अन् बाप कोन आहे, माहित आहे का? तुह्याच कोंबडा!"

पिल्लं खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सारायची ती अंधार सरायच्या आत. उजेडात तिला फसवणूक दिसते. पहाटे मी आणि मधू ओसरीवर टोपलीशी बसलो. बेत असा, की एक अंडं काढायचं, एक पिल्लू सारायचं, अंडी पिशवीत लपवायची आणि उजाडल्यावर बाईजींना हाक मारायची, पिल्लं निघाली म्हणून. त्या सुखाने पारण्याला जातील.

पहिलं अंडं माझ्या एका हातात होतं आणि पहिलं पिल्लू दुसऱ्या हातात, तेव्हा कंदिलाचा उजेड पडला. बाईजी उभ्या होत्या. आंघोळ झालेली, कोरी ओढणी. जायच्या आधी कोंबडी जिवंत आहे का, ते बघायला आल्या होत्या.

"काय करतेस?"

खोटं तोंडावर तयार होतं. रात्रभर घोकलेलं. पण कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला, आणि ते माझ्याच्याने बोलवेना.

"यांत काही नव्हतं, बाईजी. पहिल्यापासून नव्हतं. कोंबडा..." मधू शेजारी होता, तरी मी बोललेच. "कोंबडा असल्याशिवाय अंड्यात जीव येत नाही."

बाईजींनी कंदील खाली ठेवला. मग मधूच्या टोपलीतल्या पिल्लांकडे बोट केलं. "आणि ही?"

"वरणगावची. त्याच कोंबड्याची."

"ज्याला मी पाठवलं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला नव्हे, स्वतःलाच सांगितलं. मग एकदम खाली बसल्या, चिंगीसमोर, जमिनीवर. "हिला कळेल?"

"अंडी समोर दिसली तर कळेल. पिल्लं टाकून पुन्हा त्यांच्यावर बसेल."

बाईजींनी ओढणीचा पदर पसरला. "दे इकडे."

"बाईजी, तुम्ही अंड्याला..."

"जीव नाही ना यात? तूच म्हणालीस. दे. आंघोळ पुन्हा करीन."

ज्यांनी जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं, त्यांच्या पारण्याच्या कोऱ्या ओढणीत मी एकेक अंडं ठेवत गेले, आणि मधू एकेक पिल्लू चिंगीच्या पंखाखाली सारत गेला. चिंगी हलली नाही. मला वाटलं, उशीर झाला. मग तिच्या गळ्याशी काहीतरी घरघरलं. पिसांतून एक चिमुकली चोच बाहेर आली आणि आत गेली. आणि चिंगीने आवाज काढला. तो 'कुडूक' नव्हता. हलका, तुटक, पिल्लांना बोलवायचा आवाज. माईच्या अंगणात मी तो हजारदा ऐकला होता, पण माझ्या डोळ्यांत पाणी त्या दिवशी आलं.

उजाडलं. दुकानापुढे वाजंत्री आले. नातेवाईक जमले. शेठजी अंगणाच्या दारातून म्हणाले, "मां, चलो. सब रुके हैं."

बाईजी हलल्या नाहीत. पोटाशी अंड्यांची ओढणी धरून बसून राहिल्या. मी कण्या टाकल्या, मातीच्या परळात पाणी ठेवलं. पिल्लं टोपलीच्या काठावर आली आणि एक धडपडून खाली पडलं. चिंगी उठली. पाय लटपटत होते. टोपलीबाहेर आली, कण्या उचलून पिल्लांपुढे टाकायला लागली. एक कणी उचलायची, टाकायची, आवाज द्यायची. स्वतः एकही खाईना.

"मां," शेठजी पुन्हा म्हणाले. "रस तैयार है."

"थांब," बाईजी म्हणाल्या. "आधी हिचं होऊ दे."

वाजंत्री थांबले. सगळं अंगण एका कोंबडीकडे बघत राहिलं. आमचे हे दारात लुंगीवर उभे होते, त्यांनीही हात जोडले होते, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पिल्लांनी टिपलं. मग चिंगीने परळाशी जाऊन पाण्यात चोच बुडवली, मान वर केली, घोट गिळला. पुन्हा बुडवली.

बाईजी उठल्या. ओढणीतली अंडी त्यांनी स्वतःच्या हाताने कडुनिंबाखाली पुरली, पुन्हा आंघोळ केली, आणि मग रस प्यायला गेल्या.

मी दुपारच्या एष्टीने वरणगावला निघाले. झोका मिळाला, मांडे मिळाले. निघताना बाईजींनी मला बाजूला घेतलं होतं. "बेटी," त्या हळूच म्हणाल्या, "येताना कोंबडा घेऊन ये."